काळा पाषाण पायाला की डोक्यावर? नाशिकच्या जमिनीत तेल-वायू शोधायचा तर

निफाड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं आहे: गेल्या महिन्यात द्राक्षबागेत साडेचारशे फूट बोअर मारला. पाणी बेताचंच लागलं, पण जे आलं त्यावर निळसर-जांभळा तवंग होता आणि सडक्या अंड्यासारखा वास येत होता. चार दिवसांनी हातात यंत्र घेऊन एक गृहस्थ आले. खाली तेलाचा पट्टा आहे, आत्ताच करार करून ठेवा, असं सांगून गेले. घरात काका म्हणतात करार करू, वडील म्हणतात थांबू. त्यातच या तरुणानं कुठेतरी वाचलं, की मुंबई हायच्या तळाशीही आपलाच काळा पाषाण आहे. तिथे तेल निघतं, तर नाशिकला का निघू नये? आणि एखाद्या भागात तेल-वायू असेल की नाही, हे जाणकार ठरवतात तरी कसं?

तेलशोधाच्या कामात माझी तेहतीस वर्षं गेली. पहिली अकरा गुजरातेत, रिगवर (खोल विहीर खणणाऱ्या यंत्रावर) रात्रपाळ्या करत, पुढची बहुतेक खोऱ्यांचे, म्हणजे गाळाचे जाड थर साचलेल्या खोलगट प्रदेशांचे, नकाशे आणि विहिरींच्या नोंदी वाचण्यात. निवृत्तीनंतर नाशिकलाच राहतो, त्यामुळे हा प्रश्न मला घरचाच वाटतो.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बोअरच्या पाण्यावर काय तरंगतंय, हा पाण्याचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही स्वतः घरच्या घरी बराचसा सोडवू शकता. नाशिकच्या खाली दोन-तीन किलोमीटरवर काय दडलंय, हा दुसरा प्रश्न. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही, आणि ते गृहस्थ नेमकं तेच करत आहेत.

आधी तवंग. बोअरचं पाणी पसरट घमेल्यात काढून रात्रभर हलवू नका. सकाळी वाळलेल्या काडीनं तवंग मधोमध चिरा आणि खाली वाकून नीट बघा. तवंग पातळ काचेसारखा तडकला, त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते तुकडे तसेच वेगळे राहिले, तर ते तेल नाही. आपल्या दगडात लोह भरपूर आहे. ते पाण्यात उतरतं, हवेशी गाठ पडली की त्याची साय धरते, आणि लोहावर जगणारे जीवाणू त्याला हातभार लावतात. दोन-चार दिवसांत घमेल्याच्या कडेला तांबूस राप दिसला, तर शंकाच उरली नाही. उलट काडी पुढे गेली आणि मागून रंग वळसे घेत पुन्हा मिळून आले, तर मात्र ते खरोखर तेल आहे.

तेल असलं तरी घाई नको. बोअरच्या गाडीचा हॅमर हवेच्या दाबावर चालतो आणि त्याला सतत तेल पाजावं लागतं. ते तेल हवेबरोबर खाली जातं आणि भेगांत बसतं. नव्या बोअरला पहिले काही आठवडे तवंग येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. पाणबुडी मोटार तेलाची असेल आणि तिचं सील गेलं असेल, तरी हेच दिसतं. जवळपास डिझेलची जुनी टाकी असेल, तर तेही तपासा. वासाचं म्हणाल, तर खोल भेगांत कोंडलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात गंधकाच्या क्षारांवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. तो पेट्रोलियमचा पुरावा नाही.

आता दुसरा प्रश्न, ज्यात माझा जीव आहे.

तेल जमिनीत सोन्याच्या शिरेसारखं पडून असतं, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नसतं. ते तयार होतं, जिथे तयार झालं तिथून निघतं, वर सरकतं आणि वाटेत कुठे अडलं तरच साठतं. त्यासाठी आधी मातृखडक लागतो: शांत पाण्याच्या तळाशी बसलेला बारीक गाळ, ज्यात सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे अवशेष कुजून जाण्याआधी गाडले गेले. त्यात सेंद्रिय कार्बन एक टक्क्याच्या पुढे असेल तर आम्ही खूश होतो. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर बहुधा नाद सोडतो. मग हा थर तापावा लागतो. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला तेल तयार होतं, त्याहून तापला तर वायू, आणि फारच तापला तर सगळं जळून काजळी. जमिनीत दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात असं धरलं, तर तेल देणारा मातृखडक साधारण दोन ते चार किलोमीटर खोल गाडला गेलेला असावा लागतो. कुंभाराच्या आव्यासारखंच हे, आच कमी पडली तर मडकं कच्चं आणि जास्त झाली तर तडकलेलं.

पुढे साठ्याचा खडक हवा. तेलाचं तळं वगैरे काही नसतं. वाळूच्या दगडाच्या कणांमधल्या किंवा चुनखडीच्या छिद्रांत ते मुरलेलं असतं. त्यावर घट्ट झाकण हवं, बहुधा चिकणमातीचा थर. शिवाय या थरांना घुमटासारखी वळी पडलेली किंवा प्रस्तरभंगानं (खडक तुटून थर वर-खाली सरकल्यानं) अडवणूक झालेली हवी, नाहीतर तेल सरकत सरकत वर येऊन उडून जातं. आणि या सगळ्याचा क्रम जुळावा लागतो. घुमट आधी, तेल नंतर.

या क्रमानं मला एकदा चांगलंच शिकवलं. मी ज्या गटात होतो त्यानं एक जागा सुचवली होती. वाळूचा दगड सुंदर, सच्छिद्रता २० टक्क्यांच्या आसपास, वर चिकणमातीचं जाड झाकण, जमिनीत कंप सोडून काढलेल्या भूकंपी नकाशावर घुमट बोटानं गिरवावा इतका स्पष्ट. विहीर खणली आणि निघालं खारं पाणी. नंतर थरांची जाडी पुन्हा मोजत बसलो तेव्हा लक्षात आलं, की मातृखडकानं तेल सोडलं तेव्हा तिथे घुमट नव्हताच, तो नंतर उचलला गेला. तेल कधीच पुढे निघून गेलं होतं. तेव्हापासून कुठल्याही जागेचा कागद समोर आला की मी आधी वर्षं विचारतो, आकार नंतर.

म्हणून आम्ही शक्यतांची बेरीज करत नाही, गुणाकार करतो. उदाहरणादाखल समजा मातृखडक असण्याची शक्यता ०.३, साठ्याच्या खडकाची ०.५, अडवणुकीची ०.४, झाकणाची ०.६ आणि क्रम जुळण्याची ०.५. गुणाकार येतो ०.०१८, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाही. एक कडी शून्य असली की बाकीच्या कितीही मजबूत असोत, उत्तर शून्य. ‘इथे चुनखडी आहे’ किंवा ‘इथे तवंग आहे’ अशा एकट्यादुकट्या खुणेवर कुणी बोलू लागलं, तर बाकीच्या कड्यांचं काय, एवढंच त्याला विचारायचं.

आता ही साखळी नाशिकला लावून बघू. इथेच तुमच्या मुंबई हायच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळून पसरलेला लाव्हा. त्याचे थरावर थर बसले. कसारा घाटातून गाडी वर चढताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. दोन थरांमध्ये कुठे कुठे वीटेच्या रंगाची पट्टी दिसते. ती म्हणजे एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत त्याच्यावर झालेली माती, पुढच्या लाव्ह्यानं भाजलेली. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो याच थरांचा वरचा, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग, आणि कातळ म्हणजे मधला घट्ट भाग. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, साल्हेर १५६७ मीटर आणि जिल्ह्याच्या सीमेवरचं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे शहरातून मान वर करून पाहिलं, तर हजारेक मीटर लाव्हा डोळ्यांसमोर उभा आहे. खाली किती आहे ते वेगळंच, कारण या लाव्ह्याचा तळ नाशिक जिल्ह्यात कुठेच उघडा पडलेला नाही. तुमचा साडेचारशे फुटांचा बोअर म्हणजे जेमतेम १३७ मीटर. तो सुरू लाव्ह्यात झाला आणि संपलाही लाव्ह्यातच.

लाव्हा स्वतः तेल तयार करू शकत नाही. हजार अंशांच्या वर तापलेल्या रसात कुठले जीव आणि कुठला गाळ? मातृखडक ही कडी लाव्ह्यात नाही, म्हणजे ती लाव्ह्याच्या वर शोधायची किंवा खाली. या पाषाणाच्या प्रदेशातला तेलाचा सगळा प्रश्न एवढ्यावर येऊन थांबतो, आणि मुंबई हाय व नाशिक इथेच वेगळे होतात.

मुंबई हायला लाव्हा पायाला आहे. लाव्हा थंड झाल्यावर पश्चिमेचा भाग खचत गेला, समुद्र आत आला, आणि कोट्यवधी वर्षं पाषाणावर गाळ साचत राहिला. त्यातल्या जुन्या, सेंद्रिय भाग भरपूर असलेल्या थरांत तेल तयार झालं आणि वरच्या चुनखडीत अडकलं. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या रिगनं जिथे तेल शोधलं, ती चुनखडी लाव्ह्याहून कितीतरी तरुण आहे. गुजरातेतल्या खंभातच्या खोऱ्यातही तेच. १९५८ मध्ये लुणेजला, १९६० मध्ये अंकलेश्वरला जे तेल लागलं ते पाषाणावर साचलेल्या गाळाचं. माझ्या पहिल्या नोकरीत विहिरीचा छिन्ना पाषाणाला टेकला की वरिष्ठ म्हणत, ‘तळ आला, आता आवरा.’

नाशिकला लाव्हा डोक्यावर आहे. त्याच्यावर गाळ साचलाच नाही, कारण आपली जमीन साचणारी नाही, झिजणारी आहे. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस दर वर्षी थोडा पाषाण उगाळून पूर्वेला नेतो. नदीकाठी नांदूर मधमेश्वरच्या बाजूला जुना गाळ आहे, त्यात प्राचीन हत्तीची हाडंही मिळाली आहेत, पण त्याची जाडी फार तर काही दहा मीटर. त्यात तेल शिजणं शक्य नाही. आपण झिजवलेली माती साचते ती गोदावरीच्या मुखाशी. तिथे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गाळाचे थर किलोमीटरच्या हिशेबात आहेत. २००२ मध्ये खोल समुद्रात डी-६ गटात (गट म्हणजे शोधासाठी आखून दिलेलं क्षेत्र) जो वायू सापडला आणि २००९ पासून निघू लागला, तो नदीनं समुद्रात ओतलेल्या वाळूतच साठलेला होता. नदी एकच, पण उगमाशी झीज आणि मुखाशी साठवण.

इथे एक अपवाद सांगायला हवा, कारण तो कुणीतरी तुमच्यासमोर टाकेल. बडोद्याजवळच्या पाद्रा क्षेत्रात लाव्ह्यातूनच तेल निघतं. खरं आहे. पण ते लाव्ह्यात तयार झालेलं नाही. शेजारच्या खोल भागातल्या गाळातून ते सरकत आलं आणि पाषाणाच्या भेगांत शिरलं. पाषाण तिथे साठ्याचा खडक झाला, मातृखडक नव्हे. नाशिकच्या शेजारी असा तेल पुरवणारा गाळ वरच्या अंगाला नाही.

म्हणजे उरलं काय? लाव्ह्याच्या खाली, त्याच्या आधीचे गाळाचे थर. इथे मात्र मी ‘नाही’ म्हणत नाही.

लाव्हा आला तेव्हा खाली काय होतं, हे जागोजागी वेगळं आहे. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर लाव्हा, मग जेमतेम आठ मीटर गाळ, आणि लगेच ग्रॅनाइटी जुना खडक. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल गेले. १२४७ मीटर लाव्हा आणि थेट ग्रॅनाइट, मध्ये गाळ नाहीच. उत्तरेकडे चित्र बदलतं. नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघ गावाजवळ लाव्ह्याखालून समुद्रात साचलेली चुनखडी आणि वाळूचा दगड उघडा दिसतो. म्हणजे लाव्ह्याआधी पश्चिमेकडून समुद्राचा एक हात तिथवर आला होता. सौराष्ट्रात लाव्ह्याखाली मध्यजीव काळातले, म्हणजे डायनासोरांच्या युगातले, जाड थर आहेत. विदर्भात वणी, उमरेड, कामठी या भागात कोळशाचे गोंडवाना थर (लाव्ह्याहून खूप जुना गाळ) पाषाणाखाली शिरलेले आहेत. भूभौतिक मोजमापांनी तापी आणि नर्मदेच्या पट्ट्यातही लाव्ह्याखाली गाळ असल्याच्या खुणा दाखवल्या आहेत.

नाशिक या दोन चित्रांच्या मध्ये आहे. माझं स्वतःचं मत विचाराल, तर सिन्नर, निफाड, इगतपुरीपेक्षा बागलाण, कळवण, मालेगाव या तापीकडच्या अंगाला गाळाचे थर असण्याची आशा थोडी जास्त. हे मत आहे, निष्कर्ष नाही. आणि गाळ असला म्हणजे तेल आहे असंही नाही. बाघचे थर उघड्यावर पाहिले तर ते पातळ आणि उथळ समुद्रातले आहेत. वाळूचा दगड साठ्यासाठी बरा वाटतो, पण श्रीमंत मातृखडक त्यात दिसत नाही. त्याच काळचा गाळ खोल भागात अधिक जाड आणि काळा असेलही. ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

पाहायचं कसं, हाच खरा कस. उघड्या खोऱ्यात आम्ही आधी कडेला जिथे थर जमिनीवर आले आहेत तिथे हातोडा घेऊन फिरतो, नमुने गोळा करतो, सेंद्रिय कार्बन मोजतो. नाशिकला ती कडच नाही, सगळ्यावर पाषाणाची चादर. मग गुरुत्वाची मोजणी. पाण्याची घनता १ धरली, तर पाषाणाची साधारण २.९, ग्रॅनाइटची २.६७, गाळाच्या खडकाची २.४-२.५. जिथे गुरुत्व कमी भरतं तिथे हलकं काहीतरी असणार, हा हिशेब. पण हलकं काय आणि किती खोल, हे गुरुत्व एकटं सांगत नाही. १९७० च्या दशकात कोयना आणि कुर्डुवाडी भागात गुरुत्व कमी दिसलं, त्यावरून लाव्ह्याखाली गाडल्या गेलेल्या खचदऱ्यांची कल्पना मांडली गेली होती. कल्पना तर्काला धरून होती. कोयनेच्या छिद्रांत मात्र गाळ मिळाला नाही.

गुरुत्वाच्या जोडीला म्हणून विद्युतरोध मोजतात. विजा आणि सूर्याकडून येणारे झोत यांमुळे पृथ्वीभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र सतत थरथरत असतं, ती थरथर जमिनीत किती खोल कशी पोचते ते रात्रभर यंत्र ठेवून नोंदवायचं. ग्रॅनाइटचा रोध सगळ्यात जास्त, पाषाणाचा त्याहून बराच कमी, आणि खाऱ्या पाण्यानं भरलेल्या गाळाचा सगळ्यात कमी. पाषाणाच्या खाली कमी रोधाचा जाड थर दिसला, की मन उभारी धरतं. मला ही पद्धत पाषाणाच्या प्रदेशासाठी सगळ्यात भरवशाची वाटते. मात्र निफाडसारख्या भागात दर दोनशे पावलांवर मोटार आणि डोक्यावर तारा. तो गोंगाट नोंदीत येतो. म्हणून अशी यंत्रं वस्तीपासून लांब आणि भारनियमनाची वेळ गाठून लावावी लागतात.

मग भूकंपी सर्वेक्षण, आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार. जमिनीत कंप सोडायचे आणि परत येणारे प्रतिध्वनी ऐकायचे. गाळाच्या खोऱ्यात हे अप्रतिम चालतं. पाषाणाखाली मात्र अवघड. लाव्ह्यात कंप वेगानं धावतात, खालच्या गाळात हळू. प्रत्येक लाव्ह्याच्या थरावरून आणि तांबड्या मातीच्या पट्टीवरून प्रतिध्वनी उसळतात, परत आपटतात, आणि खालचा क्षीण आवाज त्यात बुडतो. नुसत्या वक्रीभवनाच्या पद्धतीनं (वेगवान थरांतून वळून परतणारे कंप टिपून) मोजलं, तर वेगवान थराखालचा मंद थर दिसतच नाही, जणू तो नाहीच. एकाच पद्धतीवर भरवसा ठेवून मोठमोठे निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत. माझा शिरस्ता असा, की गुरुत्व, विद्युतरोध आणि भूकंपी नोंदी या तिघांनी एकाच जागी एकच गोष्ट सांगितली तरच मी पेन्सिलनं वर्तुळ काढतो.

आणि शेवटी छिद्र. पहिली विहीर तेल शोधायला घ्यायची नसते, थर वाचायला घ्यायची असते. लाव्हा किती, खाली गाळ आहे का, आहे तर काळा आहे की वाळूचा, किती तापलेला आहे. तापमानाचा मुद्दा इथे खास महत्त्वाचा. लाव्ह्याचा थर वरून पसरला तर त्याची आच खाली फार खोल जात नाही. पण दीड किलोमीटर लाव्हा डोक्यावर साठला, तर खालचा गाळ तेवढाच खोल गाडला जातो आणि काळाच्या ओघात चाळीसेक अंशांनी तापतो. कच्च्या मातृखडकाला ही आच वरदान ठरू शकते. उलट नंदुरबार-धुळे भागात उभ्या भिंतींसारखे जे डाइक (भेगांत थिजलेला लाव्हा) शेकडोंनी आहेत, ते गाळाच्या थरांतून घुसले असतील तर आजूबाजूचा भाग जाळून टाकतात आणि साठ्याचे तुकडेही पाडतात. लाव्हा शत्रू की मित्र, हे तो चादर होऊन आला की सुरी होऊन, यावर आहे.

छिद्रातून वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण त्या यंत्रवाल्या गृहस्थांसारखी माणसं याचाच फायदा घेतात. रिगवर चुरा धुऊन ताटलीत घेतो आणि काळ्या खोक्यात अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असेल तर कण चमकतात. माझी रिगवरची ती दुसरीच पाळी होती, रात्री अडीचला ताटली पिवळी उजळली आणि मी धावत जाऊन वरिष्ठांना उठवलं. ते आले, एक शब्द न बोलता चार कण वेगळे काढले आणि चिनीमातीच्या बशीत त्यांच्यावर विद्रावकाचे दोन थेंब टाकले. खरं तेल असतं, तर कणातून दुधासारखी धार सुटते आणि बशीभर पसरते. काहीच सुटलं नाही. तो कॅल्साइट होता, चुन्याचा स्फटिक. कॅल्साइट स्वतःच चमकतो, त्यात तेलाचा थेंब नसला तरी. आपला पाषाण तर कॅल्साइट आणि झिओलाइटच्या गुहांनी भरलेला. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहात आहेत. नाशिकच्या कुठल्याही बोअरचा चुरा दिव्याखाली धरला, तर काहीतरी चमकणारच. ती चमक दाखवून कुणी पैसे मागत असेल, तर दोन थेंबांची चाचणी मागा.

सरकार या भागाकडे बघतच नाही, असंही समजू नका. देशातल्या २६ गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत आपला दख्खनचा प्रदेश आहे, मात्र तिसऱ्या वर्गात. म्हणजे हाती काही लागलेलं नाही, असू शकेल इतकंच. आधी मोजमाप न झालेल्या भागांसाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय भूकंपी सर्वेक्षण सुरू झालं, देशभर सुमारे ४८ हजार किलोमीटर रेषांचं. ही माहिती हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या राष्ट्रीय भांडारात जमा होते, आणि कंपन्या ती पाहून स्वतः गट आखून बोली लावू शकतात. खरोखर रस असलेली कंपनी या दारानं येते, द्राक्षबागेच्या बांधावर स्टँप पेपर घेऊन येत नाही. पेट्रोलियम शोधायला १९४८ च्या तेलक्षेत्रविषयक कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो तुमच्याशी केलेल्या खासगी करारानं कुणाला मिळत नाही. त्यामुळे काकांना माझा निरोप सांगा: त्या गृहस्थांना परवान्याचा क्रमांक आणि गटाचं नाव लेखी द्यायला सांगा, तोवर सही नाही आणि एक रुपयाही नाही. वडिलांचं बरोबर आहे.

काही गोष्टी तुमच्याकडून कळल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही. तवंग तडकतो की मिळून येतो? बोअर घेताना गाडीवाल्यानं तेल किती ओतलं? मोटार पाण्याची की तेलाची? आणि पाण्यातून फुगे येतात का? फुगे येत असतील, तर तिथे विडी-काडी पेटवू नका आणि बोअरच्या तोंडावर झाकण घट्ट बसवून कोंडही करू नका, हवा खेळती ठेवा. कुजणाऱ्या वनस्पतींपासून होणारा मिथेन उथळ पाण्यातही सापडतो आणि तोही पेट घेतो. तो जीवाणूंनी केलेला की खोल आचेवर शिजलेला, हे प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांवरून (हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून) ओळखता येतं. शिजलेल्या वायूत बहुधा इथेन, प्रोपेनही सोबत असतात, जीवाणूंच्या वायूत ते जवळजवळ नसतात. ही तपासणी स्वस्त नाही. म्हणून फुगे खरोखर येत असतील तरच तिच्या वाटेला जायचं.

आत्ता करायचं ते एवढंच. मोटार सलग चार-पाच तास चालवून बोअर पूर्ण उपसा, पाणी बागेला न देता बाजूला सोडा. आठ दिवसांत असं तीनदा करा. हॅमरचं तेल असेल, तर दर खेपेला तवंग कमी होत जाईल. मग काचेची स्वच्छ, कोरडी बाटली त्या पाण्यानं न विसळता थेट भरा, ओसंडू देऊ नका, आणि बर्फात ठेवून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोचवा. प्लास्टिकची बाटली नको, तेल तिच्या भिंतीला चिकटतं. लोह, सल्फेट आणि तेल-ग्रीस, या तीन गोष्टी मोजायला सांगा. आकडे आले की मला पाठवा, आणि तोवर ते पाणी घरात प्यायला वापरू नका.